मुरायला ठेवलेलं पाणी

१

बातमी आली तेव्हा मी पिंपात मीठ ढवळत होते.

शनिवार होता. माझी शाळा रोज सकाळचीच असते. नववीच्या मुलांना तरंगणाऱ्या आणि बुडणाऱ्या वस्तूंचा धडा शिकवून मी घरी आले, जेवले, ओटा पुसला आणि ताईचं ताट झाकून ठेवलं. मग ती सकाळी सांगून गेली होती त्याप्रमाणे निळ्या पिंपातल्या गाळलेल्या पाण्यात मीठ ओतायला घेतलं. समुद्राचं पाणी घरी करायचं तर ते असंच होतं. मीठ ओतायचं आणि हात दुखेपर्यंत ढवळायचं.

"तळ स्वच्छ दिसेपर्यंत ढवळ," ताई चपला घालता घालता म्हणाली होती. "आणि चव बघू नकोस."

"मी काय कुक्कुलं बाळ आहे?"

"तू बघणारच. मी तुला आज ओळखते का?"

मी बघितली. बोट बुडवून जिभेला लावलं, तोंड वाकडं केलं आणि एकटीच हसले. तेवढ्यात फोन वाजला.

ताई दातांची डॉक्टर. फोन तिच्या दवाखान्यातल्या मदतनीस बाईंचा होता. बाई तिच्याकडे इतकी वर्षं होत्या की दोघींची भांडणंसुद्धा एका शब्दात उरकायची. एरवी त्यांचा आवाज रस्त्यापर्यंत ऐकू यायचा. त्या दिवशी त्या हळू बोलत होत्या.

"शेवटचा पेशंट गेला. मॅडम म्हणाल्या, जरा टेकते. पेशंटच्या खुर्चीतच आडव्या झाल्या. मी आत उपकरणं धूत होते."

"बरं, मग?"

"उठत नाहीयेत."

"हाक मारा ना मग," मी म्हणाले. "डोळा लागला असेल. खुर्ची सरळ करा, आपोआप उठेल."

बाईंच्या मागे कुणी रडत होतं की नळ चालू होता, मला कळलं नाही.

दवाखान्यात पोचेपर्यंत ती खारट चव माझ्या जिभेवर होती. खुर्चीवरचा दिवा कुणी बंद केला नव्हता. त्याचा उजेड तिच्या मिटलेल्या तोंडावर पडला होता. मी आधी तो दिवा बाजूला केला. तिला कधी कुणासमोर आ करायला आवडायचं नाही.

२

आम्ही दोघी बहिणी एकत्र राहायचो. ती लग्नाच्या भानगडीत पडली नाही, मी पडून परत आले. आमच्याहून धाकटा भाऊ दुसऱ्या शहरात असतो. पन्नाशीला टेकला तरी आमच्यासाठी तो बाळ्याच. तिला तो ताई म्हणायचा, मला छोटीताई म्हणतो.

टाकीचं वेड ताईचं. हॉलच्या लांब भिंतीला लागून काचेची टाकी येऊन उभी राहिली होती, माणूस हात पसरून उभा राहील तेवढी लांब. तिला कुणी फिश टँक म्हटलं की ताई चिडायची. "मासे शेवटी. आधी दगड, मग पाणी, मग डोळ्यांना न दिसणारे जीव, मग प्रवाळ. एवढं सगळं जमलं तर मासे."

दगड म्हणजे मेलेल्या प्रवाळाचे, भोकाभोकांचे, पांढरट. टाकीच्या तळाएवढा चौकोन तिने हॉलच्या फरशीवर चिकटपट्टीने आखला होता आणि त्यात ते दगड आधी कोरडेच रचून बघायची. दुपारी दवाखाना बंद असायचा. ती घरी यायची, जेवायची, हात धुवायची, नॅपकिनला पुसायची आणि फरशीवर मांडी घालून बसायची. संध्याकाळच्या पेशंटची वेळ होईपर्यंत तिचं ते चालायचं. दगड उचलायचा, फिरवायचा, टेकवायचा, मान कलती करून बघायचं, परत उचलायचा.

"ही दाढ इथे नको," असं काहीतरी पुटपुटायची. "इथे गर्दी झाली. पाण्याला वाट ठेवायला पाहिजे."

"फोटो काढून ठेव ना. मोडलं तर?"

"फोटोत खोली दिसत नाही. ते माझ्या हातात आहे."

ती गेली त्या दिवशी रचना अर्ध्याच्या पुढे गेली होती. मग भेटायला माणसं यायला लागली आणि हॉलमध्ये बसायला जागा पुरेना. शेजारच्या बायकांनी मदत म्हणून सगळे दगड उचलून टबात भरले, गॅलरीत नेऊन ठेवले, चिकटपट्टी खरवडून काढली आणि फरशी पुसून घेतली. मी आतल्या खोलीत होते. बाहेर आले तेव्हा तिथे सतरंजी होती आणि तिच्यावर लोक बसले होते. त्यांना कोण काय बोलणार?

३

"विकून टाक," बाळ्या फोनवर म्हणाला. "तुला झेपणार आहे का ते?"

"बघते."

"बघते म्हणजे नाही, हे मला माहीत आहे. छोटीताई, तू इकडे ये. खोली रिकामी आहे."

मी टाकी विकली नाही. जोडणी करायला माणूस यायचा होता, त्याला बोलावलं. ताईने त्याचं नाव गॅरंटी ठेवलं होतं, कारण तो दर दोन वाक्यांनी तो शब्द वापरायचा. नळ्या जोडताना त्याने कपाटात डोकं घातलेलं असतानाही आतून ऐकू यायचं, "गळणार नाही मॅडम, गॅरंटी." पहिल्याच दिवशी गळली. त्याने दिलगिरीसुद्धा गॅरंटीने व्यक्त केली.

दगड मी रचले. ताईची रचना आठवायचा खूप प्रयत्न केला. दोन टेकड्या होत्या, एक उंच, एक बसकी, मधून वाकडी वाट. पण हातात दगड घेतला की तो कुठे होता, कोणत्या अंगाने होता, काही सुचेना. शेवटी एकावर एक ठेवत गेले. झाली ती भिंत. कंपाउंडची असते तशी, डावीकडून उजवीकडे.

"मजबूत आहे," गॅरंटी म्हणाला. त्याहून चांगलं त्याला काही सापडलं नसावं.

मग आम्ही पाणी भरलं, पंप चालू केला, निळसर दिवा लावला.

"आता हात लावायचा नाही. टाकी मुरू द्यायची. काही आठवडे रिकामीच चालवायची, आत आपोआप जीव धरतो. तो धरल्याशिवाय मासा सोडलात तर मासा मेला, गॅरंटी."

"कोणता जीव?"

"दिसत नाही तो, मॅडम. पण असतो."

४

आवाजाबद्दल आधी सांगायला हवं.

टाकीच्या कोपऱ्यात काचेचा एक कप्पा आहे. वरचं पाणी त्यात ओसंडून नळीने खालच्या कपाटातल्या छोट्या टाकीत पडतं आणि तिथून पंप ते परत वर ढकलतो. त्यामुळे घरात सतत एक मंद झरझर असते. काही दिवसांत ती ऐकू येईनाशी होते. पण टाकीत हात घातला, की हाताएवढं पाणी जास्तीचं ओसंडतं आणि नळी गडगडते. हात बाहेर काढला, की वरची पातळी उतरते, ओसंडणं थांबतं, आणि पंप ती भरून काढेपर्यंत काही क्षण सगळं शांत होतं. गडगड म्हणजे हात आत. शांतता म्हणजे हात बाहेर. दगड रचताना मी हे इतक्या वेळा ऐकलं होतं की चुकायचा प्रश्न नव्हता.

एका दुपारी मी स्वयंपाकघरात वह्या तपासत बसले होते. हॉलमध्ये नळी गडगडली. थोड्या वेळाने शांत झाली. मग परत झरझर.

मी पेन खाली ठेवलं.

उठून बघितलं. टाकीत भिंत होती, वाळू होती, स्वच्छ पाणी होतं. पृष्ठभाग नेहमीसारखा हलत होता. नळीत हवेचा बुडबुडा अडकला असेल, असं मी ठरवलं. मी पदार्थविज्ञान शिकवते. असा बुडबुडा अडकतो आणि सुटतो.

दुसऱ्या दिवशी त्याच सुमाराला परत तेच झालं. आधी गडगड, मग थोडा वेळ गेला, मग शांतता. मग पुन्हा गडगड. बुडबुडा कधीही अडकू शकतो. हा जेवणं उरकल्यावर अडकत होता आणि संध्याकाळचा दवाखाना उघडायच्या आधी सुटत होता.

५

टाकीशेजारच्या खिळ्याला मी एक नॅपकिन अडकवला होता, ताईचाच, निळ्या काठांचा. शाळेतून आल्यावर एकदा तो हाताला कडक लागला. वाळलेल्या पापडीसारखा. उलगडला तर बारीक पांढरी भुकटी फरशीवर पडली.

मीठ होतं. मी हात पुसला असेन, असं म्हटलं. धुऊन, वाळवून परत अडकवला. त्या दिवसापासून मी टाकीत हात घातला नाही, मुद्दामच. संध्याकाळी नॅपकिन ओला होता. सकाळी कडक.

मग खारटपणा उतरायला लागला. उघड्या टाकीतलं पाणी रोज थोडं हवेत उडून जातं, पण मीठ मागेच राहतं. म्हणून वरून भरायचं ते गोडं पाणी. असं केलं की खारटपणा आहे तिथेच राहतो. तो मोजायचं एक भिंग असतं. काचेवर पाण्याचा थेंब टाकायचा, उजेडाकडे धरून बघायचं, आत एक रेघ दिसते. ही रेघ रोज थोडी खाली येत होती.

मी गॅरंटीला फोन केला.

"गळतंय का?"

"नाही. खाली कागद पसरून बघितलं. कोरडा आहे."

"मग कुणीतरी काढतंय."

"म्हणजे?"

"म्हणजे असं मॅडम, उडून गेलं तर गोडं पाणी जातं. मीठ कमी होतंय म्हणजे खारं पाणी बाहेर जातंय. टाकीतून. घरात लहान मूल आहे का? हात घालतात, खेळतात. हाताबरोबर किती पाणी जातं, तुम्हाला कल्पना नाही."

"मी एकटीच असते."

"मग भिंग बिघडलं असेल," तो म्हणाला. या वेळी गॅरंटी दिली नाही.

मी भिंग तपासलं. बिघडलेलं नव्हतं. मी पिंपात खारं पाणी केलं आणि रोज थोडं थोडं घालायला लागले. ते करताना मला वाईट वाटत नव्हतं, भीतीही वाटत नव्हती. कुणाच्या तरी चहाला दूध आणून ठेवावं, तसं वाटत होतं. याचीच भीती वाटायला हवी होती.

६

दगड हलले आहेत, हे मी उशिरा मान्य केलं.

डावीकडून सुरुवात झाली होती. भिंतीचा डावा कोपरा थोडा खचल्यासारखा दिसला, तेव्हा वाटलं, वाळू बसली असेल. मग तिथे एक पोकळी दिसली. पुढे त्या पोकळीवर एक दगड असा कलता बसला की मी तो तसा बसवूच शकले नसते. सांध्यात पांढरा लुकण होता. दोन रंगांचे गोळे एकत्र मळून करतात तो, पाण्यातही घट्ट होतो. त्याची कड सगळीकडून एकसारखी फिरवलेली होती, दात भरल्यावर फिरवतात तशी. मी काचेला नाक लावून बघितलं. लुकणावर बोटाचा ठसा नव्हता. ताई कामात ठसा ठेवायची नाही.

ड्रॉवरमध्ये लुकणाची पाकिटं होती. त्यातली काही फोडलेली होती. मीच फोडली असतील, असं मी स्वतःला समजावलं. दुःखात माणूस काहीही करतो आणि विसरतो, असं मी शाळेतल्या एका पालकांना स्वतः सांगितलं होतं.

पण मी शाळेत असायचे, नाहीतर स्वयंपाकघरात. आणि दुपारी हॉलमध्ये नळी गडगडायची, शांत व्हायची. पायरीचं स्टूल मी भिंतीला लावून ठेवायचे, ते टाकीला लागलेलं असायचं. मी बघायला गेले नाही. ताई काम करत असताना मागे उभं राहिलेलं तिला खपायचं नाही. "डोक्यावर बसू नकोस, छोटे," म्हणायची. मी दारापाशी खुर्ची ओढून घेतली आणि तिथे वह्या तपासायला लागले. हॉलकडे पाठ करून. नळी गडगडायची, मी लाल पेनने बरोबरच्या खुणा करायचे. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला जेवण गोड लागलं.

७

बाळ्या न सांगता आला. दारात पिशवी ठेवली आणि टाकीकडे बघून म्हणाला, "एवढा थाट आणि आत कुणीच नाही? हे म्हणजे मंडप घालून नवरदेव पळाल्यासारखं झालं."

"मुरायला ठेवली आहे."

"टाकी की तू?"

मी चहा ठेवला. दुपार होती. चहा गाळत होते तेवढ्यात हॉलमध्ये नळी गडगडली.

"तुझी टाकी ढेकर देते गं," तो तिकडूनच ओरडला. थोड्या वेळाने शांत झालं. "आणि आता पचलं."

मी कप घेऊन बाहेर आले तेव्हा तो हसत नव्हता. टाकीपुढे वाकून उभा होता, हात पाठीमागे बांधून, प्रदर्शनात माणसं उभी राहतात तसा. डावीकडे उंच टेकडी झाली होती. मधून वाकडी वाट गेली होती आणि तिच्यापलीकडे बसकी टेकडी वर येत होती. उजव्या टोकाला माझ्या भिंतीचे चारदोन दगड काय ते उरले होते.

"हे तू रचलंस?"

"हो," मी म्हणाले. दुसरं काय सांगणार?

"ताईने रचलं असतं, तर असंच रचलं असतं."

मग तो तोंड धुवायला गेला. बराच वेळ नळ चालू होता. आम्ही तिघंही भावंडं नळ सोडूनच रडतो. बाहेर आल्यावर त्याने थंड चहा एका घोटात संपवला.

"चल माझ्याबरोबर. आज नको म्हणत असशील तर पुढच्या महिन्यात. शाळा तिकडेही आहेत."

"थोडंच राहिलंय रे. हे पूर्ण झालं की येते."

तो सुटल्यासारखा हसला. त्याला स्टेशनवर सोडून परत येताना रस्त्यात माझं वाक्य मला ऐकू आलं. हे पूर्ण झालं की. ताई कुठलंही काम झाल्यावर रेंगाळायची नाही. हात धुवायची, नॅपकिन घडी करून ठेवायची आणि पर्स उचलून निघायची.

८

त्यानंतर काम झपाट्याने पुढे गेलं. गडगड रोज थोडी कमी वेळ टिकायला लागली. शेवटी बसक्या टेकडीच्या माथ्याला एक खाच तेवढी राहिली आणि खाली वाळूवर एक दगड सुटा पडला होता. वर निमुळता, खालून पोकळ. तो त्या खाचेचाच होता. एखाद्या लहान मुलालाही कळलं असतं. आज उशीर झाला म्हणून उद्यावर ठेवलेलं काम होतं ते.

मी शाळेत फोन करून बरं नाही म्हणून सांगितलं. मग बाही वर करून स्टूलवर चढले आणि हात पाण्यात घातला. नळी गडगडली. पाणी कोमट होतं. कुणी नुकताच हात काढलेल्या बादलीसारखं, असं मनात आलं, पण टाकीत हीटर आहे, पाणी कोमटच असतं. मी दगड उचलला, बाहेर काढला, नळाखाली धुतला, पुसला आणि माझ्या खोलीतल्या कपाटात कपड्यांच्या खाली ठेवला. कपाटाला कुलूप लावलं.

मला ती हवी होती. एवढंच.

९

त्या दुपारी गडगड सुरू झाली. शांतता आली. परत सुरू झाली. परत शांतता. एरवी तिचा हात सावकाश आत जायचा आणि बराच वेळ राहायचा. आता तो जात होता, येत होता, जात होता. दवाखाना उघडायची वेळ झाली. ती टळून गेली. गडगड चालूच होती.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आले तर वाळू नांगरल्यासारखी उकरलेली होती, बोटांच्या समांतर ओळींनी. रचलेला एकही दगड हलला नव्हता. नॅपकिन खाली पडला होता. आणि मीठ सगळीकडे होतं. ड्रॉवरच्या मुठीवर. गॅलरीतल्या रिकाम्या टबाच्या काठावर. ओट्यावर, भांड्यांच्या फळीवर, सोफ्याच्या उशांमागे. पांढरे, वाळलेले, तळहाताएवढे डाग. दगड जिथे जिथे ठेवलेला असू शकतो, तिथे तिथे.

मी ओल्या फडक्याने ते पुसत गेले. पुसताना कारणं शोधत होते. माझेच ओले हात. हवेतून मीठ उडतं. पंख्याच्या वाऱ्याने पसरतं. माझ्या खोलीच्या दाराच्या कडीपाशी आले तेव्हा कारणं संपली होती. कडीवर मीठ होतं. कपाटावर मात्र नव्हतं. माझ्या खोलीत ती कधी विचारल्याशिवाय यायची नाही.

मग मी ठरवलं, बघायचं.

दुपारी पडदे ओढले, टाकीचा निळा दिवा चालू ठेवला आणि हॉलमध्ये समोरच बसले. पाठ करून नाही. बाहेर रस्त्यावर कुणीतरी कार धूत होतं, रेडिओवर बातम्या चालू होत्या. सगळं उजेडातलं, रोजचं.

नळी गडगडली.

टाकीच्या पाण्याला एक भोक पडलं होतं. मनगटाएवढं, गोल. पाणी त्याच्या कडेने किंचित वर चढलं होतं, कुठल्याही हाताभोवती चढतं तसं. आत काही नव्हतं. ते भोक डावीकडून उजवीकडे सरकत गेलं आणि खाली वाळूत चार ओळी उमटत गेल्या. मग ते रुंद झालं. मनगटाचं कोपराएवढं, कोपराचं दंडाएवढं. शेजारी दुसरं भोक पडलं. दोन्ही हात आता तळाशी होते. ताई बारीक काम करताना चष्मा काढून ठेवायची, आणि त्याच्याशिवाय तिला जवळ जावं लागायचं, अगदी जवळ. दोन भोकांच्या मधोमध पाणी खाली दबलं. आधी वाटीएवढं, मग त्याहून मोठं, लांबट. वरून कुणी तोंड बुडवावं तसं.

पाणी काठावरून सांडलं. फरशीवर पसरत माझ्या पायांपर्यंत आलं.

"ताई," मी म्हणाले. "राहू दे ना आता. दमलीस."

ते लांबट, दबलेलं पाणी वळलं. काचेतून माझ्या बाजूला.

मी बघितलं नाही. उठून खोलीत आले आणि कपाटाला टेकून बसले. खूप वेळ शांततेची वाट बघितली. हात बाहेर काढल्यावर येते, तिची.

१०

आता गडगड थांबत नाही. सकाळी शाळेत जाते तेव्हा चालू असते, परत येते तेव्हा चालू असते. फरशीवरचं पाणी मी पुसते. रोज पिंपभर खारं पाणी लागतं. शेजारच्या बाई काल म्हणाल्या, "पंप बिघडलाय वाटतं तुमचा." मी हो म्हटलं. बाळ्याला सांगितलं, पुढच्या महिन्यात बघू.

गॅरंटीचाही फोन आला. "टाकी मुरली असेल आता, मॅडम. डॉक्टर मॅडमनी दोन पिवळे मासे सांगून ठेवले होते. आणून सोडू?"

"एवढ्यात नको."

"पण आता काही प्रॉब्लेम नाही."

"आत काम चालू आहे," मी म्हणाले. तो बरं म्हणाला.

पातळी चढत चालली आहे. वर्गात मी मुलांना शिकवते की वस्तू जेवढी बुडते, तेवढं पाणी ती बाजूला सारते. किती पाणी सांडतं आहे, ते मला रोज पुसावं लागतं, त्यामुळे किती आत गेलं आहे, तेही कळतं. आता फक्त हात नाहीत. फक्त खांदेही नाहीत. एवढ्या पाण्यासाठी माणूस कमरेपर्यंत तरी आत उतरलेला असावा लागतो. श्वास घ्यायला तो वर येत असेल, तर पातळी अधूनमधून उतरायला हवी. ती उतरत नाही.

दगड खाचेत बसवायचीही गरज नाही. नुसता वाळूवर ठेवला तरी पुरे. बाकीचं ती करेल. सावकाश मळून, कड फिरवून, ठसा न ठेवता. मग हात धुवेल, पुसेल, आणि घरात झरझर तेवढी राहील.

रोज शाळेतून आल्यावर मी कपाटाचं कुलूप काढते. कपडे बाजूला करते. दगड हातात घेते. बाहेरून गडगड ऐकू येत असते, घरात कुणी असल्यासारखी. आजही घेतला होता.

अजून ठेवलेला नाही.